पहिलं विमान पडल्यानंतरचे आठ दिवस

सोलापुरातल्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलंय: "आठवी-नववीची सात मुलं व्हिडिओ बघून थर्माकोलची विमानं करतायत. दोघांची पहिल्याच दिवशी मोडली, आता ती दोघं मैदानाकडे फिरकत नाहीत. इथे ना क्लब, ना दुकान, ना शिकवणारा. नुसत्या ऑनलाइन ग्रुपच्या आणि व्हिडिओंच्या जोरावर उडवण्याचा, उडण्याचा छंद वाढतो का? की ही बघण्यापुरतीच मजा आहे? ग्रुप काढला तर तो चालवायचा कसा?"

मॅडम, वाढतो. पंचवीसहून जास्त वर्षं मी रेडिओ कंट्रोलची विमानं उडवतोय. त्यातली सुरुवातीची नऊ-दहा वर्षं इंटरनेटशिवाय गेली, पुढची सगळी त्याच्यासोबत. त्यामुळे दोन्ही काळ मी जवळून बघितलेत. तुमच्या प्रश्नातलं मला लागलं ते एकच वाक्य: ती दोघं आता फिरकत नाहीत. गावात हा छंद रुजणार की नाही, हे त्या दोघांवरच ठरतं. व्हिडिओ बघून कटर हातात घेणारी पोरं पुष्कळ असतात. पहिलं विमान पडल्यावर दुसरं करायला बसणारी थोडी. पडलेलं विमान माळ्यावर जातं, रिमोटमधले सेल भिंतीवरच्या घड्याळात जातात आणि विषय संपतो. ऑनलाइन ग्रुपचं खरं काम कुठलं असेल तर हे, की त्या आठ दिवसांत पोराचा हात धरून ठेवायचा.

आधीचा काळ थोडक्यात सांगतो, म्हणजे फरक कळेल. मी पुण्यात हॉस्टेलवर असताना शिकलो. नकाशा म्हणजे कुणाच्या तरी मासिकातली झेरॉक्सची झेरॉक्स. बाल्सा लाकूड कुणी मुंबईला निघालं की सांगून मागवायचं. रेडिओ, म्हणजे रिमोट, क्रिस्टलवाले होते; क्रिस्टलवर चॅनेल ठरायचा. दोघांचा चॅनेल एक असला आणि दोघांनी एकाच वेळी स्विच लावला की एकाचं विमान गेलंच म्हणून समजा. त्यासाठी मैदानावर फळी टांगलेली असायची, चॅनेलचा चिमटा ज्याच्याकडे त्यानेच रेडिओ चालू करायचा. विमान पडलं की का पडलं हे सांगणारा एखादाच अनुभवी माणूस असायचा, आणि तो पुढच्या रविवारी आला नाही तर उत्तर त्याच्या पुढच्या रविवारी. सोलापूरला परत आल्यावर तर तोही उरला नाही. दोन वर्षं मी एकट्याने उडवलं, एकाच चुकीवर तीन विमानं घालवली. चूक काय होती ते पुढे सांगतो.

मग एकमेकांच्या आड न येणारे २.४ गिगाहर्ट्झचे रेडिओ आले, चिमट्यांची फळी गेली. ब्रशलेस मोटर आणि लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी स्वस्त झाल्या. आणि याच सुमारास व्हिडिओ आले. अमेरिकेतली फ्लाइट टेस्ट नावाची मंडळी २०१० पासून व्हिडिओ करू लागली, पुढे फोमबोर्डच्या विमानांचे नकाशे फुकट देऊ लागली, कापण्यापासून उडवण्यापर्यंत सगळं दाखवू लागली. त्यांचे उपकार मी मानतो. सोलापुरातल्या पोराला पहिल्यांदा घरबसल्या कळलं की विमान कसं घडतं. पण ते व्हिडिओ बघून इथे विमान केलं की पडतंच, आणि का पडतं हे त्या व्हिडिओत नसतं. आपल्या भागातल्या माणसांनी, आपल्या भाषेत, आपल्या मैदानावरचं का लिहायला हवं, ते इथे समजतं.

त्यांचं मैदान हिरवळीचं. आपलं मुरमाचं, दगडगोट्यांचं, कडेला बाभळी. त्यांच्या विमानाला चाकं असतात, आपल्याकडे चाक पहिल्या उतरणीलाच उपटतं. म्हणून आम्ही चाकं काढून टाकली, पोटाखाली रुंद पॅकिंग टेपच्या दोन पट्ट्या मारल्या आणि विमान हाताने फेकून सोडायला लागलो. त्यांचा फोमबोर्ड कागद लावलेला, हलका. आपल्या स्टेशनरीत मिळतो तो वेगळ्या वजनाचा, म्हणून जाहिरातीचे बोर्ड करणाऱ्यांकडचं सनपॅक किंवा पॅकिंगचा थर्माकोल वापरतो; सनपॅक जड पडतं, मग पंख थोडे वाढवावे लागतात. थर्माकोलला फेविक्विक लावलं की तो विरघळून खड्डा पडतो, हे माझ्या ओळखीतल्या प्रत्येक पोराने एकदा तरी करून बघितलंय. साधा फेव्हिकॉल लावून रात्रभर ठेवायचा, घाई असेल तर ग्लू गन, तीही फार तापू न देता. आणि आपलं ऊन! मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला जातो, हवा विरळ होते, तेच विमान जोरात फेकलं तरी बसल्यासारखं उडतं. लिपो बॅटरी गाडीच्या डिकीत राहिली तर संध्याकाळपर्यंत पापडासारखी फुगते. तेव्हा पिशवीत, सावलीत, वापरायची नसेल तर सेलमागे ३.८ व्होल्टवर, चार्जिंगला लावताना मातीच्या कुंडीत आणि समोर माणूस बसलेला. यातली बरीच वाक्यं परदेशातला माणूस लिहिणार नाही, कारण त्याला त्यांची गरजच नाही. आपल्या ग्रुपवर या गोष्टी फोटोसकट असल्या तर नवख्याची निम्मी पडझड वाचते.

आता तुमच्या त्या दोन मुलांसारख्याच एका मुलाची गोष्ट. अकरावीतला पोरगा, जुळे सोलापूर भागातला. मीटरभर पंखाचं विमान, स्वतः कापलेलं, फार सुबक. रविवारी सकाळी वडिलांना घेऊन गेला, फेकलं. विमानाने नाक वर केलं, क्षणभर हवेत थांबल्यासारखं झालं, डावा पंख खाली गेला आणि नाकावर आदळलं. वडिलांनी मोबाइलवर शूटिंग केलं होतं, नऊ सेकंदांचं. रात्री ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं, "काका, माझ्याच्याने होणार नाही. सामान कुणाला पाहिजे असेल तर सांगा."

दहा मिनिटांत चार उत्तरं आली. मोटर बदल. प्रोपेलर मोठा लाव. वारा असेल. थ्रॉटल कमी पडलं. चारही चूक, आणि चारही सल्ल्यांत पैसे जाणार होते. मी एवढंच लिहिलं: उद्या बॅटरी बसवून विमान दोन बोटांवर तोल, बोटं कुठे आहेत त्याचा फोटो पाठव. सोमवारी दुपारी फोटो आला. बोटं पंखाच्या जवळजवळ मधोमध होती. गुरुत्वमध्य मागे गेला होता. साध्या शिकाऊ विमानात तो पंखाच्या पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश अंतरावर यायला हवा. त्याच्या पंखाची रुंदी १८ सेंटीमीटर, म्हणजे पुढून साडेचार ते सहा सेंटीमीटर. बॅटरी बसवायची जागा व्हिडिओत होती तिथेच त्याने ठेवली होती, पण व्हिडिओतली मोटर जड होती, याची हलकी. नाक हलकं झालं, शेपूट जड. असं विमान सुटताच नाक वर करतं, वेग घालवतं आणि पडतं. हात कितीही सराईत असला तरी सांभाळणं कठीण. बॅटरी तीन सेंटीमीटर पुढे सरकवली, नाकात चिकटपट्टीने एक नाणं बसवलं. पेन्सिलने पंखाखाली खूण करायला सांगितली. पुढच्या रविवारी विमान सरळ गेलं, वळलं, चाळीस सेकंदांनी बाभळीत बसलं. त्याच्या वडिलांनी तो व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांना पाठवला, बाभळीसकट.

माझी तीन विमानं गेली ती याच चुकीने. मला कळायला दोन वर्षं लागली, त्याला एक दिवस. ऑनलाइन माणसं एकत्र आल्याने छंद वाढतो म्हणतात, तो या हिशोबाने.

म्हणून ग्रुप काढाल तेव्हा पहिली शिस्त ही लावा, की पडलेल्या विमानाची पोस्ट आली तर त्याच दिवशी उत्तर गेलं पाहिजे, आणि सल्ला देण्याआधी तीन गोष्टी मागायच्या: विमानाचा वरून फोटो, दोन बोटांवर तोललेला फोटो, आणि पडतानाचा व्हिडिओ, कितीही हललेला असो. हे तिन्ही नसतील तर सल्ला देऊ नये. अर्धे सल्ले चुकीचे जातात ते माणसं वाईट असतात म्हणून नाही, त्यांना काही दिसत नसतं म्हणून. विमान पडण्याचं दुसरं नेहमीचं कारण उलटे फिरणारे एलेरॉन, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या. विमानाच्या मागे उभं राहून स्टिक उजवीकडे केली की उजव्या पंखाची पट्टी वर आली पाहिजे. उडवण्याआधी हा तपास करतानाचा दहा सेकंदांचा व्हिडिओ मी प्रत्येक नवख्याकडून मागून घेतो. कंटाळतात सुरुवातीला. पण ज्यांनी पाठवला त्यातल्या एकाचंही विमान या कारणाने माझ्या डोळ्यांदेखत पडलेलं नाही.

आणि विमान पडलेलं दाखवायला लाज वाटू नये असं वातावरण ठेवा. आमच्याकडे जुने लोक आधी स्वतःची पडझड टाकतात. मीच मागच्या पावसाळ्यात लांब पल्ल्याची हौस करायला जाऊन एक विमान घालवलं, रेडिओचा फेलसेफ लावायचा राहिला होता. सिग्नल तुटल्यावर मोटर बंद व्हायच्या ऐवजी चालूच राहिली. ते सगळं लिहून काढलं. त्या पोस्टखाली सहा जणांनी त्याच रात्री आपापला फेलसेफ तपासल्याचं लिहिलं. सुंदर सूर्यास्तामागे उडणाऱ्या विमानाच्या रीलखाली हे होत नाही. तिथे अंगठे येतात आणि पुढे सरकतात. रील वाईट नाही, पहिली ओढ तिथूनच लागते. पण नुसत्या रीलवर चालणारी पानं मी वर्षादोन वर्षांत बंद पडताना पाहिलीत, आणि प्रश्नांना नीट उत्तरं देणारे तीस-चाळीस जणांचे ग्रुप दहा-दहा वर्षं टिकलेले पाहिलेत.

सोलापूरची एक सोय लक्षात घ्या: भाषा. आपल्याकडे घरात तेलुगू, गल्लीत कन्नड, शाळेत मराठी बोलणारी पोरं आहेत. पूर्व भागातल्या कितीतरी मुलांना टाइप करायचा कंटाळा येतो, पण व्हॉइस मेसेजमध्ये मस्त समजावून सांगतात. आम्ही ठरवलंय की कुठल्याही भाषेत विचारा, उत्तर मराठीत किंवा जमेल त्यात. यंत्रमागाच्या घरातली पोरं तर हाताने फार तयार असतात. घरात मोटर, पट्टा, बेअरिंग लहानपणापासून बघितलेलं असतं. त्यांना सर्व्होची, म्हणजे विमानाच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरची, दांडी कुठे अडकते ते मला सांगावं लागत नाही.

सामानाचं सांगतो, कारण ग्रुपचा दुसरा मोठा उपयोग तिथे आहे. शिकाऊ विमानाला २२१२ मापाची १००० केव्हीची (म्हणजे व्होल्टमागे मिनिटाला हजार फेऱ्यांची) मोटर, मोटरचा वेग सांभाळणारा ३० अँपिअरचा ईएससी, १०×४.५ चा प्रोपेलर, तीन सेलची २२०० एमएएचची बॅटरी आणि नऊ ग्रॅमचे चार सर्व्हो, एवढ्यावर मीटर-सव्वा मीटर पंखाचं, सातशे ग्रॅमच्या आतलं विमान छान उडतं. खर्च सगळ्यात जास्त रिमोटचा. सात मुलांनी सात रिमोट घेऊ नका. एकच सहा चॅनेलचा, म्हणजे सहा वेगवेगळ्या हालचाली सांभाळणारा घ्या, ज्यात एकापेक्षा जास्त विमानं नोंदवून ठेवता येतात. बाकीच्यांनी तोवर फोनवर पिकासिमसारख्या फुकट सिम्युलेटरवर हात बसवावा. विमान स्वतःकडे येत असताना डावं-उजवं उलटं होतं, ती सवय सिम्युलेटरवर दहा तास घालवले की बऱ्यापैकी लागते, आणि तिथे पडलेल्या विमानाचे पैसे लागत नाहीत. फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आली, सुटे भाग मात्र येतात. त्यानंतर हाताने बांधणाऱ्यांकडे नवखे जास्त वळले असं माझं निरीक्षण आहे. जुनं सामान ग्रुपवर एकमेकांत फिरू द्या, फक्त वापरलेली लिपो विकत घेऊ नका, ती आतून कशी आहे ते वरून दिसत नाही.

आता मैदान. हा छंद शेवटी जमिनीच्या तुकड्यावर टिकतो, आणि तो तुकडा आपला नसतो. आम्ही तुळजापूर रोडला उळ्याच्या पुढे एका शेतकऱ्याच्या पडीक माळावर जातो. माळाला लागून त्यांची ज्वारी, मालदांडी. एका डिसेंबरमध्ये आमचं पांढरं विमान त्या ज्वारीत गेलं. डोक्याएवढी ज्वारी, पांढरं थर्माकोल. चार पोरं चार बाजूंनी घुसली, ताटं मोडली. ते शेतकरी आजोबा बांधावर येऊन उभे राहिले, ओरडले नाहीत, नुसते मोडलेली ताटं बघत राहिले. मला फार वाईट वाटलं. त्या दिवसापासून नियम आहे: पिकात एकच माणूस जाईल, सरीतून जाईल, आजोबांना विचारून जाईल; पंखाखाली भडक नारिंगी पट्टी मारायची आणि विमानात, पडलं तर आवाजावरून सापडावं म्हणून, बझर ठेवायचा. हा नियम आम्ही ग्रुपच्या वर्णनात लिहून ठेवलाय, सगळ्यात वर.

पण त्याच आजोबांमुळे मला एक गोष्ट कळली. पुढे एका सकाळी विमानावर छोटा कॅमेरा लावून त्यांच्या शेतावरून दोन फेऱ्या मारल्या आणि तो व्हिडिओ त्यांच्या मुलाला दिला. विहीर, गोठा, बांधावरचं लिंबाचं झाड, अंगणात वर बघत उभ्या आजी. त्याने तो गावच्या ग्रुपवर टाकला. पुढच्या रविवारी वस्तीवरची वीस-पंचवीस माणसं माळावर आली, पोरं, बाया, म्हातारी. त्यातली तीन पोरं आज स्वतः विमानं बांधतात. आमच्या पानावर टाकलेल्या चांगल्या व्हिडिओंनी इतक्या वर्षांत जे जमलं नाही ते गावच्या ग्रुपवरच्या एका व्हिडिओने झालं, कारण त्यात लोकांना आपलं गाव दिसलं. म्हणून मी आता नव्या लोकांना सांगतो, विमानप्रेमींच्या ग्रुपवर शंभर वेळा टाकण्यापेक्षा शाळेच्या, गल्लीच्या, मंडळाच्या ग्रुपवर एकदा टाका. विमानप्रेमींना विमान आधीच आवडतं.

यातच दुसरी बाजूही आहे. काही वर्षांपूर्वी आमच्यातल्या एका मुलाने गर्दीच्या कार्यक्रमावरून ड्रोन उडवला आणि व्हिडिओ टाकला. वाहवा खूप झाली. आम्ही तो काढला आणि त्याला फोन केला. चिडला, दोन आठवडे आला नाही. मग त्याला मैदानावर स्पॉटरचं काम दिलं: आभाळात घार आली, खाली माणूस आला, जनावर आलं की ओरडून सांगायचं. आज तोच नवख्यांना सगळ्यात कडक शिकवतो. लोकांच्या डोक्यावरून उडवलेल्या व्हिडिओने चार दिवस चर्चा होते, पण एक अपघात किंवा एक तक्रार झाली की सगळ्यांचं मैदान जातं, आणि पाठोपाठ ज्याने कधी चूक केली नाही त्या आठवीतल्या पोराचंही.

नियम तुम्हाला माहीत असलेले बरे, कारण पालक पहिला प्रश्न हाच विचारतील. २५ ऑगस्ट २०२१ पासून देशात ड्रोन नियम लागू आहेत. त्यात शिक्षण आणि मनोरंजनासाठी, डोळ्यांना दिसेल एवढ्याच अंतरात उडवायच्या, २५ किलोपर्यंतच्या मॉडेल विमानांचा वेगळा उल्लेख आहे. २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंतचा मायक्रो. नॅनोला आणि व्यवसायासाठी नसलेल्या मायक्रोला पायलट परवाना लागत नाही. सरकारी नकाशावरच्या हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत उडवता येतं. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच, आणि ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय अजिबात नाही. हे आपल्याला थेट लागू आहे. होटगी रोडचा विमानतळ वर्षानुवर्षं शांत होता, तेव्हा लोकांनी मनावर घेतलं नाही. २०२५ पासून गोव्याची, मग मुंबईची विमानं सुरू झाली. शहराचा फार मोठा भाग त्या आठ किलोमीटरच्या आत येतो. जुळे सोलापूरमधलं मोकळं मैदान कितीही सोयीचं वाटलं तरी तिथे उडवू नका. जागा ठरवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा उघडून बघा. नान्नजकडचा गवताळ माळ बघून कुणालाही मोह होईल, पण ते माळढोकाचं अभयारण्य आहे, तिकडे विमान न्यायचं नाही.

त्याच विमानतळाचा चांगला उपयोगही आहे. गोव्याचं एटीआर विमान यायची वेळ झाली की मुलांना फोनवर फ्लाइटरडार२४ उघडून द्या. हे संकेतस्थळ २००६ मध्ये स्वीडनमधल्या दोन हौशी माणसांनी सुरू केलं, आणि जगभरच्या हजारो हौशी लोकांनी आपापल्या छपरांवर लावलेल्या रिसिव्हरवर ते आजही चालतं. उंची कमी होताना दिसते, वेग कमी होताना दिसतो, मग खिडकीतून खरं विमान दिसतं. विज्ञानाच्या तासाला याहून चांगलं साधन मला तरी सुचत नाही. आणि मुलांना कॅप्टन अमोल यादव यांचं नक्की सांगा. मुंबईत राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं. २०१६ मध्ये ते मेक इन इंडिया प्रदर्शनात लोकांनी बघितलं आणि २०१७ मध्ये त्याची अधिकृत नोंदणी झाली. त्या वेळी आमच्या ग्रुपवर पोरांनी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला होता: किती वर्षं लागली? वर्षानुवर्षं लागली, हे उत्तर ऐकून कुणी निराश झालं नाही.

मॉडेलवरून स्वतः उडण्याकडे जाणारेही असतात, म्हणून पॅराग्लायडिंगचं थोडं. सोलापूर सपाट, उतारावरून धावत सुटायला डोंगर नाही. आमचे जे दोघं-तिघं पॅराग्लायडिंग शिकले ते हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला आणि तिथून लोणावळा लोकलने कामशेतला गेले. त्यांना त्या गाडीत बसवलं ते टँडमच्या व्हिडिओंनी नाही. टँडम म्हणजे प्रशिक्षित पायलटपुढे बसून दहा-पंधरा मिनिटांची सफर; तिचा व्हिडिओ बघून माणूस सफर करतो आणि परत येतो. शिकायला गेले ते दुसऱ्यांच्या उड्डाणांच्या नोंदी वाचून. पॅराग्लायडर पायलट आपल्या जीपीएसची नोंद एक्सकॉन्टेस्ट नावाच्या संकेतस्थळावर चढवतात. हिमाचलात बीर-बिलिंगला, जिथे २०१५ मध्ये पॅराग्लायडिंगचा विश्वचषक झाला, तिथे कुणी कुठे थर्मल (वर चढणारी गरम हवा) पकडला, किती उंच गेला, कुठे चुकून दरीत उतरला, हे सगळं नकाशावर रेघेने दिसतं. आमचा एक पोरगा, बँकेत नोकरीला, रोज रात्री त्या रेघा बघायचा. मग आपल्याच माळावर बसून मार्चमधल्या दुपारी घारी कुठे गोल घेतात, वावटळ कुठून उठते, ते टिपायला लागला. कोर्सला गेला तेव्हा हवा त्याला ओळखीची होती. पण तिथेही एक सांगतो: व्हिडिओ बघून जुना ग्लायडर विकत घेऊन कुणी टेकडीवर गेला तर त्याला आवरा. मॉडेल पडलं तर थर्माकोल मोडतं. पॅराग्लायडिंग मान्यताप्राप्त प्रशिक्षकाकडेच शिकायचं, यात सूट नाही. आणि अपघाताच्या क्लिप फिरवायच्या नाहीत. वारा किती होता, वेळ कुठली होती, साधन कुठलं होतं, हे नीट माहीत असेल तर लिहा, नाहीतर त्या माणसाच्या घरच्यांचा विचार करून थांबा.

तुमची मुलं लहान आहेत, म्हणून एक काळजी. शाळेचा ग्रुप पालकांच्या नंबरवर काढा. मुलांचे चेहरे, शाळेचं नाव, मैदानाचं नेमकं ठिकाण आणि वेळ उघड्या पानांवर टाकू नका. विमानाचा फोटो पुरतो. सात जणांत मुली किती, ते तुम्ही लिहिलं नाहीत. आमच्याकडे पहिली मुलगी आली ती तिची आई रविवारी सकाळी स्वतः मैदान बघून गेल्यानंतर. आता आम्ही महिन्यातून एकदा पालकांनी यायचंच असा रविवार ठेवतो, आणि त्या दिवशी ग्रुपवर आधी लिहितो की चहा आहे, सावली आहे, गाडी लावायला जागा आहे. या साध्या तीन गोष्टी लिहिल्यापासून आया यायला लागल्या आणि त्यांच्यासोबत मुली.

शनिवारी संध्याकाळी सातला आमच्या ग्रुपवर वाऱ्याची पोस्ट जाते. विंडी या हवामानाच्या ॲपवर जमिनीलगतचा आणि शंभर मीटरवरचा, दोन्ही वारे बघतो. वरचा ताशी बारा किलोमीटरच्या वर असला तर नवख्यांनी विमान आणायचं नाही, नुसतं बघायला यायचं. उडवायचं सकाळी साडेसहा ते साडेआठ, त्यानंतर मुरूम तापतो आणि हवा उसळायला लागते. तुमच्या त्या दोन मुलांना सांगा, मोडलेलं विमान टाकून देऊ नका. तुकडे जमिनीवर मांडून वरून एक फोटो काढा, बॅटरी कुठे बसवली होती तिथे पेन्सिलने फुली मारा, आणि पडतानाचा व्हिडिओ कुणाच्या फोनमध्ये असेल तो शोधा. शुक्रवारपर्यंत माझ्याकडे पाठवा. रविवारी ती दोघं आली तर ग्लू गन आणि थर्माकोलच्या चार पट्ट्या मी घेऊन येतो.